परदेशवारी आणि चालू मीटर

ठाणे, डोंबिवली, कल्याण या पट्ट्यातली माणसे परदेशी सहलीला निघतात तेव्हाची त्यांची तयारी पाहण्यासारखी असते. मेतकूट, खाकरे, भडंग आणि चहाची पावडर यांचे वजन घरच्या काट्यावर होते. बॅग जड झाली तर एक स्वेटर बाहेर येतो, लाडवांचा डबा आत राहतो. युरो कुठे दोन पैशांनी स्वस्त मिळतात याची चौकशी ठाण्याच्या राम मारुती रोडपासून डोंबिवलीच्या फडके रोडपर्यंत चार ठिकाणी केली जाते. युंगफ्राउच्या गाडीचे तिकीट सहलीच्या दरात धरले आहे की वेगळे, हे सहल कंपनीच्या मुलीला तीनदा विचारले जाते. इतका चोख हिशेब करणाऱ्या या घरांत एक बाब मात्र कोणी कागदावर मांडत नाही, ती म्हणजे खिशातल्या मोबाइलचा डेटा. त्याविषयी विचारले तर उत्तर ठरलेले: "तिकडे गेल्यावर बघू."

तिकडे गेल्यावर कोणी बघत नाही. रात्रभरच्या प्रवासाने आंबलेले अंग, पट्ट्यावर अजून न आलेली चौथी बॅग, लहानग्याला लागलेली भूक आणि बाहेर ताटकळलेली बस, अशा वेळी विमानतळावरच्या पहिल्या खिडकीत जे मिळेल ते, सांगतील त्या दराने घेतले जाते. नाहीतर काहीच घेतले जात नाही आणि फोन आपला चालू राहतो.

आमच्या इमारतीतले एक चौकोनी कुटुंब मागे थायलंडला जाऊन आले. सहल उत्तम झाली. परतल्यावर काही दिवसांनी मुलाच्या पोस्टपेड क्रमांकाचे बिल आले आणि त्यातली रक्कम आईने बँकॉकमध्ये केलेल्या सगळ्या खरेदीपेक्षा जास्त निघाली. मुलाचे म्हणणे, मी तिथून एकही फोन केला नाही. ते खरेच होते. त्याने फोन केला नव्हता. पण फोनने त्याला न विचारता बरेच काही केले होते.

यात त्या मुलाला फार दोष द्यावा असे मला वाटत नाही. डेटाला किंमत असते हे त्याच्या पिढीला कळावे असे आपल्याकडे काही उरलेलेच नाही. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ बाजारात आले, त्याआधी एका जीबीला अडीचशे रुपयांच्या आसपास मोजावे लागत. आज दिवसाला दीड-दोन जीबी साध्या रिचार्जमध्ये मिळतात आणि रात्री बारा वाजता उरलेले वाया जातात म्हणून हळहळणारी मुले आपण घरोघर पाहतो. नळाला चोवीस तास पाणी असलेल्या घरातला मुलगा गावी विहिरीवर गेला की जसा वागेल, तसा हा मुलगा बँकॉकला वागला.

त्याचे आजी-आजोबा असे वागले नसते. या पट्ट्यातल्या जुन्या माणसांना तर दूरध्वनीच्या हद्दी अगदी तोंडपाठ. कल्याण-डोंबिवलीचा कोड ०२५१ आणि ठाण्याचा ०२२. लोकलने पंधरा-वीस मिनिटांवर राहणाऱ्या मावशीला फोन लावायचा तर आधी कोड फिरवावा लागे. दूरच्या गावी फोन करायचा तर रात्री उशिरा दर उतरत, म्हणून जेवणे उरकून माणसे पिवळ्या पाटीच्या एसटीडी बूथवर रांग लावत आणि आत गेल्यावर बोलणाऱ्याचा एक डोळा त्या पळत्या लाल आकड्यांवर असे. ३१ जुलै १९९५ रोजी ज्योती बसू यांनी तेव्हाच्या कलकत्त्याहून केंद्रीय मंत्री सुखराम यांना फोन लावून देशात मोबाइलचा आरंभ केला, तेव्हा आलेला फोन घेण्याचेही पैसे पडत. ते पडणे थांबले २००३ मध्ये. मधल्या काळात आपण मिस्ड कॉलची एक अख्खी भाषा तयार केली: एक घंटी म्हणजे पोचलो, दोन म्हणजे स्टेशनवर घ्यायला या. परदेशी जाताना ही जुनी काटकसर पुन्हा अंगी बाणवण्याची गरज आहे असे मी म्हटले, तर ते कोणाला कद्रूपणाचे वाटू नये.

आता रोमिंग म्हणजे काय घडते ते थोडक्यात पाहू. आपला फोन परक्या देशात चालू झाला की तिथल्या एखाद्या कंपनीच्या मनोऱ्याला हात घालतो. ती कंपनी आपल्या भारतीय कंपनीला विचारते, हे गिऱ्हाईक तुमचे का? होकार आला की सेवा सुरू. आपण तिथे पाहिलेले चित्र किंवा नकाशा पुष्कळदा आधी भारतातल्या आपल्या कंपनीच्या यंत्रणेपर्यंत येऊन मग पुन्हा तिकडे जातो. ज्या चिनी भूमीवर गूगल आणि व्हॉट्सअ‍ॅप उघडत नाहीत, तिथे भारतीय सिमच्या रोमिंगवर ती चालतात, ती यामुळेच. या सगळ्या पाहुणचाराचा दर दोन कंपन्या आपसात ठरवतात आणि तो आपल्या बिलात उतरतो. ज्या कंपनीची गिऱ्हाइके जास्त, तिला घासाघीस अधिक करता येते. आपल्या मंडईतलाच न्याय आहे हा.

पॅक घेणे म्हणजे हाच माल आगाऊ, ठोक दराने घेणे. पॅक न घेता फोन चालू ठेवणे म्हणजे सुट्या दराने. डोंबिवली स्टेशनबाहेर शेअर रिक्षात बसणाऱ्याला मीटर पाहण्याची सवय नसते. माणशी इतके ठरलेले, ते दिले की झाले. पॅकशिवायचे रोमिंग ही मीटरवरची रिक्षा आहे, आणि ती आपण मंदिरात दर्शन घेत असताना बाहेर उभीही नाही, गल्लीबोळांतून एकटीच फिरते आहे.

ती फिरते कशी हे समजून घेण्यासाठी साधा हिशेब पुरे. समजा, सुट्या दराने एका एमबीला एक रुपया पडतो. आजच्या फोनने काढलेला एक फोटो साधारण तीन-चार एमबीचा असतो. चौघांनी दिवसाला दीडशे-दीडशे फोटो काढले आणि चारही फोन ते आपोआप साठवणुकीच्या खात्यावर चढवू लागले, तर अठराशे एमबी नुसत्या फोटोंचे झाले. म्हणजे अठराशे रुपये, एका दिवसाचे, आणि कोणी काही पाहिले नाही, ऐकले नाही, कोणाशी बोलले नाही. एक मिनिटाचे चांगल्या प्रतीचे चलचित्र साठ ते सव्वाशे एमबी खाते. अर्धी बस एकदम र्‍हाइनचा धबधबा चित्रित करते तेव्हा किती मिनिटे होत असतील ते तुम्हीच पाहा. त्यात भर आपल्या गटांची. शाळेच्या १९८८च्या तुकडीचा गट, सोसायटीचा गट, मामेभावंडांचा गट, योगवर्गाचा गट. सकाळी सहाला डोंबिवलीत सूर्य उगवतो आणि फुलांची, गणपतींची, सुविचारांची चित्रे स्वित्झर्लंडमध्ये झोपलेल्या फोनवर मध्यरात्री उतरू लागतात. सुविचार फुकट असतो, त्याचे चित्र नसते.

म्हणून पहिले काम घरी, घरच्या वाय-फायवर बसून करायचे. व्हॉट्सअ‍ॅपच्या सेटिंगमध्ये रोमिंगवर असताना चित्रे व चलचित्रे आपोआप उतरवून घ्यावीत का, याचा वेगळा रकाना आहे. तो रिकामा करावा. फोटोंची साठवण केवळ वाय-फायवर व्हावी असे सांगून ठेवावे. अ‍ॅपची सुधारित आवृत्ती आपोआप घेणे बंद करावे. ज्या शहरांत जायचे त्यांचे नकाशे गूगलवरून आधीच उतरवून ठेवावेत. डेटा अजिबात नसतानाही ते चालतात आणि आपण कुठे उभे आहोत हे दाखवतात, कारण ती जागा उपग्रहाच्या संकेतांवरून कळते. भाषांतराच्या अ‍ॅपमध्ये थाई किंवा फ्रेंच भाषाही अशीच आधी उतरवता येते. 'यात मासा आहे का' हे विचारायला डेटा लागू नये. या सगळ्याला एक संध्याकाळ पुरते. घरातल्या नातवाला किंवा भाचीला हे काम सोपवावे. फराळाच्या पिशव्यांना चिठ्ठ्या चिकटवण्यापेक्षा त्यांना ते अधिक आवडते.

आता प्रश्न सिमचा. मार्ग तीनच आहेत: आपल्याच कंपनीचे रोमिंग पॅक, त्या देशातले स्थानिक सिम, किंवा ई-सिम. याखेरीज हॉटेलचे, विमानतळाचे आणि कधीकधी बसचे वाय-फाय. यातले सगळ्यांत स्वस्त कोणते, असा प्रश्न मला नेहमी विचारला जातो आणि त्याला सरळ उत्तर नाही, कारण दर महिन्याला बदलतात. पण एक गोष्ट बदलत नाही. पाच माणसांच्या कुटुंबाला पाच पॅक लागत नाहीत. सहल कंपनीबरोबर जाणारे कुटुंब दिवसाचे बारा-बारा तास एकमेकांपासून दहा हातांच्या आत असते: बसमध्ये, जेवणाच्या टेबलावर, बोटीवर, संग्रहालयाच्या रांगेत. एका फोनवर डेटा घेऊन त्याचे हॉटस्पॉट बाकीच्यांना दिले तर काम भागते. मात्र घेतलेल्या सिमवर हॉटस्पॉटची मुभा आहे का हे आधी विचारावे, आणि हॉटस्पॉट देणाऱ्याच्या फोनची बॅटरी भराभर उतरते म्हणून पॉवर बँक हातातल्या पिशवीत ठेवावी. तसेही तिला चेक-इन बॅगेत मज्जाव असतोच.

पण हा एक फोन कोणाचा? इथे माझे मत जरा वेगळे आहे आणि मला ते महत्त्वाचे वाटते. आपल्या घरांत असे एखादे यंत्र आले की ते कर्त्या पुरुषाच्या किंवा घरातल्या सर्वांत चलाख मुलाच्या हाती जाते. तेच टीव्हीच्या रिमोटचे झाले, तेच डेटाचे होते. मुलाजवळ हॉटस्पॉट, आणि आजी, जिला एक शब्द फ्रेंच येत नाही, जिची चाल मंद आहे, जी प्रसाधनगृहाच्या रांगेत मागे राहते, तिच्या हातात नुसता काळा पडदा. दहा हातांचे अंतर अकरा झाले की तिचा फोन मुका होतो. पॅरिसच्या गर्दीत गटाची पिवळी टोपी दिसेनाशी झाली की त्या बाईच्या पोटात काय कालवत असेल याची कल्पना करून पाहा. पंचवीस-पंचवीस लोकलचे डबे गर्दीत चढलेली, ठाण्याच्या पुलावर कधी न डगमगलेली ही बाई. तिथे मात्र तिला पाटीही वाचता येत नाही.

म्हणून घरासाठी दोनच जोडण्या घ्यायच्या असतील, तर पहिली सगळ्यांत हळू चालणाऱ्या माणसाला द्यावी. तिला लहानसे पॅक पुरते, कारण ती काही चलचित्रे चढवत बसणार नाही. आपल्याच भारतीय क्रमांकावरचे रोमिंग तिच्यासाठी सर्वांत सोयीचे, कारण त्यात काही काढायचे-घालायचे नसते आणि तिला पाठ असलेला, तिच्या सगळ्यांना माहीत असलेला क्रमांक चालू राहतो. दुसरी जोडणी, स्थानिक सिम किंवा ई-सिम, तरुणांनी घ्यावी आणि आपसात वाटून घ्यावी. खर्च तेवढाच होतो, कदाचित कमीच. पण चित्रे दाखवण्याची हौस आणि हरवण्याची भीती यांत कोणाला आधी पैसे मिळावेत, याचा निर्णय घरात बसून झालेला असतो.

ई-सिमविषयी दोन शब्द. यात प्लास्टिकचा तुकडा नसतो. विकत घेतल्यावर एक चौकोनी संकेतचित्र येते, ते फोनला दाखवले की जोडणी बसते. जुने सिम जागेवर राहते, हा मोठा फायदा. पण सगळेच फोन ते घेत नाहीत, विशेषतः आजी-आजोबांकडचे. बहुतेक प्रवासी ई-सिमांत नुसता डेटा असतो, फोन क्रमांक नसतो. बसवायला इंटरनेट लागते, म्हणून ते घरूनच बसवून न्यावे आणि पोचल्यावर चालू करावे. स्थानिक सिम घेताना बहुतेक ठिकाणी पासपोर्ट दाखवावा लागतो, तो बसमध्ये ठेवून उतरू नये.

दोन सिमांच्या फोनात एक मेख असते. डेटासाठी परदेशी सिम निवडले तरी त्याचे जाळे क्षीण झाले की काही फोन आपणहून दुसऱ्या सिमवर उडी मारतात. ही सोय बंद करावी आणि भारतीय सिमवरचे डेटा रोमिंगही बंद ठेवावे. मात्र ते सिम पूर्ण बंद करू नये. बँकेचा ओटीपी त्याच क्रमांकावर येतो, आणि रोमिंग चालू असताना येणाऱ्या एसएमएसला सहसा पैसे पडत नाहीत. येणाऱ्या फोनला मात्र पॅक नसेल तर पडतात. इंटरलाकेनला तलावाकाठी बसलेल्या माणसाला 'सर, वैयक्तिक कर्ज हवे का' असा फोन यावा आणि नकाराच्या त्या अर्ध्या मिनिटाचे पैसे त्यानेच भरावेत, हा विनोद अनेकांच्या वाट्याला आला आहे. अनोळखी फोन वाजू द्यावा. आणि यूपीआयची भिस्त फार ठेवू नये. फेब्रुवारी २०२४ मध्ये आयफेल मनोऱ्याच्या तिकिटांसाठी ते सुरू झाले, त्याच महिन्यात मॉरिशस आणि श्रीलंकेतही झाले. पण त्याच पॅरिसमधला कोपऱ्यावरचा पाववाला ते घेईल असे समजू नये.

देशादेशांचे रिवाजही वेगळे आहेत. युरोपची सहल हे आपल्याकडचे मोठे स्वप्न. केसरी, वीणा वर्ल्ड यांसारख्या मराठी सहल कंपन्यांनी ते नौपाड्यातल्या आणि टिळकनगरातल्या घरांच्या आवाक्यात आणले. युरोपीय संघात १५ जून २०१७ पासून असा नियम आहे की एका सदस्य देशाचे सिम दुसऱ्या सदस्य देशात घरच्याच दराने चालावे. पॅरिसमध्ये घेतलेले सिम त्यामुळे इटलीत, ऑस्ट्रियात, जर्मनीत चालते. काही मर्यादा असतात त्या पाहाव्यात. पण आपल्या सहलींचा मुकुटमणी जो स्वित्झर्लंड, तो या संघात नाही! ब्रिटनही आता नाही. म्हणजे लंडनला सुरू होऊन पॅरिसमार्गे स्विस डोंगरांत जाणाऱ्या सहलीत तीन वेगवेगळे कारभार लागतात. सिम घेताना 'युरोपात चालते का' असे विचारून भागत नाही; 'स्वित्झर्लंडमध्ये आणि ब्रिटनमध्ये चालते का' असेच विचारावे.

दुबईला अडचण निराळी. डेटा भरपूर असला तरी संयुक्त अरब अमिरातीत व्हॉट्सअ‍ॅपवरून बोलण्यावर वर्षानुवर्षे निर्बंध आहेत. संदेश आणि फोटो जातात, आवाज जात नाही. आईशी रोज बोलेन असे सांगून निघालेल्या मुलीने हे ठाऊक करून घेऊनच निघावे आणि साध्या फोनची काही मिनिटे असलेले पॅक घ्यावे. सिंगापूरला मोफत वाय-फाय विमानतळापासूनच सुरू होते, पण तिथून क्रूझवर जाणाऱ्यांनी सावध असावे. किनारा दूर गेला की जहाजाचे स्वतःचे, उपग्रहावर चालणारे मोबाइल जाळे फोनला आपलेसे करते. जमिनीवरची पॅके तिथे बहुधा लागू नसतात आणि दर डोळे पांढरे करणारे असतात. आपल्या मुंबई बंदरातून सुटणाऱ्या क्रूझनाही हे लागू आहे. जहाजावर चढताना विमानातला मोड लावावा. हवे तर जहाजाचे वाय-फाय दर विचारून घ्यावे. विमान मधल्या एखाद्या शहरात बदलायचे असेल, दोहा म्हणा, इस्तंबूल म्हणा, तर तिथेही तोच मोड ठेवावा. दोन तासांच्या मुक्कामासाठी एका दिवसाचे पॅक खर्ची पडलेली माणसे मला माहीत आहेत.

इथवर आपण आपल्या पायापुरते पाहिले. पण सगळी सावधगिरी गिऱ्हाइकानेच बाळगायची, ही रीत मला पटत नाही. युरोपीय संघाने २००७ मध्ये रोमिंगवरच्या बोलण्याच्या दरांना मर्यादा घातली, आणि १ जुलै २०१० पासून आणखी एक गोष्ट केली: परमुलखात डेटाचा खर्च ५० युरोंवर गेला की, गिऱ्हाइकाने वेगळे काही सांगितलेले नसेल तर, जोडणी आपोआप बंद व्हावी. ऐंशी टक्क्यांवर सूचना, शंभरावर कुलूप. त्यात गिऱ्हाईक हुशार आहे की भाबडे, याचा प्रश्नच ठेवलेला नाही. सूचनेचा एसएमएस इंग्रजीत आला, तो आजोबांनी वाचलाच नाही, तरी कुलूप लागते.

आपल्याकडे सूचनांचा एसएमएस येतो, त्याचे स्वागत आहे. पण एसएमएस वाचणे हे आजोबांचे काम आणि बिल करणे हे कंपनीचे, अशी विभागणी बरोबर नाही. खर्चाची मर्यादा जोडणीसोबतच लागलेली असावी आणि ती उठवण्यासाठी गिऱ्हाइकाने अर्ज करावा; लावण्यासाठी नव्हे. ही मागणी ग्राहक चळवळीने धरावी. मुंबई ग्राहक पंचायत १९७५ पासून काम करते आहे. किराण्यात एकजुटीने भाव पाडून घेणारी आमची हीच ठाणे-डोंबिवलीची कुटुंबे आहेत. त्यांना डेटाची भाषा नवी असेल, भावाची नाही. सहल कंपन्यांनीही निघण्यापूर्वीच्या सभेत थंडीच्या कपड्यांना जेवढी मिनिटे देतात, तेवढी या विषयाला द्यावीत.

आणि बिल आलेच तर? आधी कंपनीच्या तक्रार केंद्राकडे जावे आणि तक्रारीचा क्रमांक लिहून घ्यावा. समाधान झाले नाही तर त्याच कंपनीच्या अपील अधिकाऱ्याकडे जाता येते. ट्राय एकेका गिऱ्हाइकाची तक्रार हाती घेत नाही, त्यामुळे तिथे पत्रे पाठवून वाट पाहत बसू नये. बरीच वर्षे दूरसंचाराच्या भांडणात ग्राहक न्यायालयाचे दार बंद असल्यासारखे सांगितले जाई. फेब्रुवारी २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने व्होडाफोन आयडिया विरुद्ध अजयकुमार अगरवाल या खटल्यात ते दार उघडे असल्याचा निर्वाळा दिला. त्यामुळे ठाण्याच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाण्याचा मार्ग आहे. पॅक घेतल्याचा संदेश, ते सुरू झाल्याचा संदेश, देशांची यादी असलेले पान यांची छायाचित्रे काढून ठेवलेली असली तर तिथे उपयोगी पडतात. परत आल्यावर साठवण मोकळी करायच्या घाईत हेच आधी पुसले जाते.

शेवटी राहतात ती मागे घरी असलेली माणसे. परदेशातला निम्मा डेटा त्यांच्या काळजीपोटी खर्च होतो: 'पोचलात का', 'जेवलात का', 'थंडी आहे का', 'बाळाला बरे आहे का'. हे विचारले जाऊ नये असे कोण म्हणेल? पण त्याला वेळ नेमून देता येते. उन्हाळ्यात पॅरिस आणि झुरिक आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे असतात. तिथे सकाळी आठला हॉटेलात न्याहारीला बसलात, तर डोंबिवलीत साडेअकरा वाजलेले असतात, वरणभाताचा कुकर झालेला असतो आणि आई निवांत असते. हॉटेलचे वाय-फाय फुकट आहे; तिथेच बसून चेहरा दाखवून बोलावे. बँकॉक आपल्या दीड तास पुढे, सिंगापूर अडीच तास, तेव्हा तिकडून रात्री बोलायचे तर त्यांच्या दहाला आपल्याकडे साडेआठ किंवा साडेसात होतात.

ही वेळ निघण्यापूर्वी आईला सांगून ठेवावी. घरातल्या कालनिर्णयवर सहलीच्या तारखांच्या चौकटीत रोजचे गाव आणि फोनची वेळ पेनाने लिहावी, पानाच्या समासात सहल संयोजकाचा आणि हॉटेलांचे क्रमांक देशाच्या कोडसकट ठळक अक्षरांत. ठरल्या वेळी फोन आला नाही तर हॉटेलचे वाय-फाय गेले असेल, संध्याकाळपर्यंत वाट पाहा, हेही तिथेच लिहिलेले असावे. दुपारी शेजारच्या काकू येतात तेव्हा त्या आधी भिंतीकडे पाहतात आणि विचारतात, आज कुठे, ल्युसर्नला का?